संशयितांच्या यादीबाहेर

टॅनर्स कोव्ह. लोकसंख्या सहाशे एक्केचाळीस.
वेशीवरच्या पाटीवर पहिल्या पुस्तकापासून हाच आकडा.
त्यानंतरच्या अठरा पुस्तकांत तेवीस माणसं गेली,
एकदा तर एकाच रात्री दोन,
चर्चच्या तळघरात, माशाच्या सूपच्या पातेल्याशेजारी.
पण रंगाचा डबा घेऊन
पाटीकडे कुणी फिरकलं नाही.

मी इथली पोस्टमास्तरीण, ओडेट कॉर्कम.
दर पुस्तकात मला एक वाक्य असतं.
"आज टपाल उशिरा, फेरीबोट धुक्यात अडकली."
नाहीतर, "अरेरे, परवाच तर तिकिटं घेऊन गेले."
तेराव्यात दोन वाक्यं होती.
ते पुस्तक मी गल्ल्याखाली जपून ठेवलंय.

आमच्याकडचे खून तसे सभ्य.
गालिचा खराब होत नाही,
मेलेल्याचं मांजर उपाशी राहत नाही,
आणि प्रेत सापडतं ते सगळ्यांची न्याहारी आटोपल्यावर.
मग डॉक्टर विनिफ्रेड झ्विकर येतात,
चाळीस वर्षं दात काढून निवृत्त झालेल्या.
समोरचा हसला की त्यांना दाढा दिसतात,
दाढांवरून कळतं रात्री कोण दात खातं,
आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्या म्हणतात,
"काहीतरी खटकतंय."

गावात संशय सगळ्यांवर येऊन गेला.
पाद्रीबाबांवर. ब्लूबेरी पायच्या परीक्षकांवर.
लॉबस्टरवाल्या अ‍ॅम्ब्रोज हिल्ट्झवर तर तीनदा,
तिसऱ्या वेळी बिचारा कोट चढवूनच बसला होता पायरीवर.
माझ्यावर कधीच नाही.
काचेमागची बाई, साखळीला अडकवलेला चष्मा,
तिच्याकडे बघतात ते घड्याळ बघायला.

खरं तर बघा, माझ्या हातात काय काय असतं.
सुतळी. सुतळी कापायची सुरी. डिंक.
वकिलाची पाकिटं कुणाला येतात,
मॉन्ट्रियलला चोरून कोण लिहितं,
कुणाचं पत्र न फोडताच परत येतं.
काखेत कळसा, म्हणतात ना.
पण आमच्या डॉक्टरबाई वळसा घालतात दीपस्तंभापर्यंत.

चौथ्या पुस्तकात एक पत्र आलं.
हिवाळा होता, पुस्तकात त्याचा उल्लेख नाही.
हॅलिफॅक्सचा शिक्का, निळी शाई,
लेम्युएल क्निकल यांस.
तो चर्चचे ऑर्गन जुळवतो, घरी एकटाच.
ती गेल्यावर अकरा वर्षं तो रोज खिडकीशी यायचा,
काही आहे का, विचारायचा,
आणि मी नाही म्हणायचे, खरंच नसायचं.
मग त्याने विचारणं सोडलं.
दर गुरुवारी एकच तिकीट घ्यायला लागला.
घ्यायचा, आणि थांबायचा जरासा.
एका तिकिटाला इतका वेळ लागत नाही,
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

तेव्हाच ते पत्र आलं.
मी ते तराजूखाली सरकवलं.
उद्यापर्यंत, म्हटलं.

पंधरा पुस्तकं झाली.
लेम्युएलला अजून कुणी मारलेलं नाही,
लेखिकेला तो आठवतच नसावा.
तरी नवं पुस्तक आलं की
प्रेत कुणाचं ते मी आधी बघते,
दाराला कडी लावून, उभ्या उभ्याच.

तराजू तेव्हापासून किंचित कलतो.
गाव थोडे पैसे जास्त भरतं, तक्रार नाही.

काल, एकोणिसाव्याच्या मध्यावर,
डॉक्टरबाई आल्या पार्सल घेऊन.
बाहेर धुकं, फेरीबोट अडकलेली,
माझं वाक्य बोलून झालेलं.
त्यांनी पार्सल ठेवलं, उचललं,
रिकाम्या तराजूचा काटा
शून्यावर येतोय का ते बघत राहिल्या.
"ओडेट," त्या म्हणाल्या, "काहीतरी खटकतंय."

गुरुवार होता. दारावरची घंटा वाजली.
मी ओठ घट्ट मिटून हसले.