भिंतीवरची टिकली

चैत्र सरायला अजून आठवडा आहे
आणि हवा अशी, की ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवून
कुणी ती वाफ तोंडासमोर धरावी.
विक्रोळीच्या डोंगरावर दुपारपासून पान हललेलं नाही.
पत्र्यावरच्या कुरडया वाळायचं सोडून घामेजल्यात.
सुगंधाताई खालून ओरडली, काढा गं त्या,
आज रात्री हा उतरणार.

जूनच्या पावसाला तारीख असते.
त्याच्या आधी पालिकेची माणसं येऊन
दारावर कागद चिकटवून जातात,
घर धोकादायक आहे, आपल्या जबाबदारीवर राहावे.
खळ आमच्याच घरातली मागतात.
हा मात्र बिनतारखेचा,
कागद यायच्या आधीच येणारा.

मी फॉल-पिको करते.
मागच्या भिंतीला, जिथं डोंगर
माझ्या खोलीला पाठ टेकून बसलाय,
तिथं एक भेग आहे.
गेल्या वर्षी तिच्यात नख जायचं,
यंदा मशीनची बॉबिन उभी जाते.
एक इंजिनिअर म्हणाला होता, भेगेवर काचपट्टी बसवतात,
तडकली की समजायचं, डोंगर निघाला.
काच कुठली आणू?
मोठी मरून टिकली लावली,
अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
एका बाजूनं सुटली की आपण सुटायचं.

नौशाद सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत डेब्रिज भरतोय.
पवईतल्या कुणाच्या न्हाणीघराच्या गुलाबी टाइल्स,
त्यांवर हंस आहेत,
ते आज आमचा नाला अडवणार.
केरबानं बांबू घालून नाल्याचं तोंड मोकळं केलं,
निघालं काय काय,
थर्माकोल, नारळ, एका पायाचा शाळेचा बूट,
आणि कमोडची अख्खी सीट.
पोरं हसून हसून लोळली.
बुटाकडे कुणी फार वेळ पाहिलं नाही.

सिलिंडर जिन्याच्या गजाला बांधला.
फोटोपास, रेशनकार्ड, यांच्या मृत्यूचा दाखला
कुकरमध्ये ठेवून झाकण लावलं, शिट्टीसकट.
भिकूमामांचे पाय गेलेत, म्हणून
त्यांना खुर्चीत बसवून एकदा खाली नेऊन पाहिलं,
दोघं पोरं, एकशे चौदा पायऱ्या, नऊ मिनिटं.
नऊ फार होतात, नौशाद म्हणाला.
मामा म्हणाले, आणलंच आहे तर कटिंग पाजा.
पाजला.
पुन्हा वर न्यायला चौदा मिनिटं लागली,
ती कुणी मोजायला नको होती.

संध्याकाळी सुदामचा फोन.
तो हिमाचलात बोगद्याच्या कामावर आहे.
आई, इथं बर्फावर ऊन पाऊस लागलाय,
बर्फ मिठासारखा विरघळतोय,
नदी एका रात्रीत दोन हात चढली.
आम्ही मशिनी वर काढतोय.
मी म्हटलं, आम्ही माणसं खाली.
मग दोघंही गप्प.
त्याच्या बाजूला पाणी ऐकू येत होतं,
माझ्या बाजूला काहीच नाही,
आणि ते काहीच नसणं त्यालाही ऐकू गेलं असावं.
टिकली? त्यानं विचारलं.
आहे.
रेंज गेली.

साडेनऊला वीज गेली.
मग पुष्कळ वेळ नुसता वास,
तापलेल्या दगडावर कुठंतरी वर
पाणी पडल्याचा.
मग वारा आला, पत्र्यावरचे दगड
एकेक करून जागे झाले.

अंधारात भिंतीवर हात फिरवते.
भिंत कोमट आहे, दिवसभराचं ऊन अजून आत.
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा
तळवा ठेवला, मग बोटानं कड शोधली.
इकडची चिकटलेली.
तिकडची...
घाम आहे का ओल, कळत नाही.
चपला दाराकडे तोंड करून ठेवल्यात.
एका हातात कुकर.
दुसरा तिथंच, टिकलीवर.

तोंडातल्या तोंडात पायऱ्या मोजते,
चाळिसावी तुटकी आहे,
ती सोडून.