वीस डिग्री

सत्तावीस वर्षं मी भोसरीत
एका काचेच्या खोलीत स्वेटर घालून बसले.
बाहेर मे पेटलेला,
आत वीस डिग्री. वीस म्हणजे वीस.
पोलाद जरा तापलं तरी लांबीच्या थापा मारतं,
म्हणून आधी हवा मापायची, मग माप मापायचं.

सुट्टी गुरुवारी.
रविवार मी लोकांकडून ऐकलेला.
लग्नं, मुंजी, बारशी सगळ्यांची रविवारी;
माझा गुरुवार, धुण्याच्या बादलीशेजारी, एकटा.

एक्कावन्नाव्या वर्षी फॉर्म आणला.
स्वेच्छानिवृत्ती.
सात आठवडे पर्समध्ये, डब्याला टेकून.
घडीवर हळदीचा डाग पडला.
'स्वेच्छा' हा शब्द वाचला की दरवेळी वाटायचं,
कुणाला तरी विचारायला हवं.

विचारलंही.
हेरंब म्हणाला, तू ठरव.
आणि त्या रात्री पहिल्यांदाच
त्यानं सिलिंडरची पावती जपून ठेवली.
सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आता घरीच.
त्या 'घरीच'मधल्या 'च'नं
मला चार रात्री जागवलं.

कॅलेंडरच्या पाठीवर, दुधाच्या खाड्यांशेजारी
आकडे मांडले.
ऋजुताची नागपूरची दोन वर्षं, फ्लॅटचे एकोणीस हप्ते,
सासूबाईंचा गुडघा (एक की दोन?)
आणि भविष्य निर्वाह निधी.
तीन शब्द. मधला तेवढा मला कळतो.
बेरीज कधी पुरून उरायची,
कधी माझ्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ऐन दिवाळीत, संपायची.
मी स्वतः किती पुरणार, हा आकडा
कुठल्याच रकान्यात बसेना.

मग एका दुपारी तौसीफ आला,
शिकाऊ, लागून नऊ दिवस झालेले.
दाखल्याचा शेवटचा रकाना कोरा ठेवून सहीला आला.
मॅडम, मशीन तर नवीन आहे,
अनिश्चितता काय लिहायची?
आणि मी, दर नव्या पोराला सांगत आलेय तेच,
मान वर न करता म्हणाले:
अरे, अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे.
शून्य लिहिशील तर दाखला खोटा.
अधिक-उणे किती ते लिही, आणि पुढे जा.

त्याच्या कागदावर सही केली.
पेन उघडंच होतं.
पर्समधला, हळदीचा, दुसरा कागद काढला.

शेवटच्या दिवशी त्याला गेज ब्लॉक सोडवायला शिकवले.
दोन पोलादी तुकडे, आरशासारखे,
गोंद नाही, चुंबक नाही,
तरी एकमेकांना धरून बसतात.
ओढून सुटत नाहीत. ओढलं की बोटं दुखतात,
सरळ बाजूला सरकवायचे. सावकाश.
त्याला दोनदा दाखवलं.
पहिल्या वेळीच त्याला कळलं होतं.

आता मे आहे.
पावणेसातला कासारवाडीच्या वळणावर
कंपनीची बस हॉर्न देते,
मला नाही, आडव्या आलेल्या रिक्षाला.
तरी माझा हात उशाशी पास शोधतो.
भीती गेली, असं मी कुठे लिहून देणार नाही.
आहे ती. अधिक-उणे.

सासूबाईंना सांगितलंय, अकरा ते एक मी नाही.
कुठे जातेस?
कुठेच नाही.
गच्चीवर जाते. शेजारच्या फडणिसांच्या कुरडया
ओलांडून, कठड्यापाशी.
लोखंडावर हात ठेवते, चटकन काढते,
पुन्हा ठेवते.
हवा सदतीस असेल. एकोणचाळीस.
मोजायला जवळ काही नाही.

आणि काल गुरुवार होता,
हे मला आज दूधवाल्याकडून कळलं.