खिशातलं वजन

गुलसेरेन नर्सनं लिहून दिलंय: थोडं थोडं, सहा वेळा.
पोट तट्ट भरलं की छातीवर दाब येतो,
आणि याच्या छातीत
तशी जागा उरलेलीच नाही.

नुसता बसून श्वास घेतो ना हा,
त्यातही, म्हणे, जिना चढल्यासारखं अन्न जळतं.
म्हणजे मी वाढते ते आधी श्वास जेवतो.
उरलंसुरलं सातल्मिशला.

सातल्मिश म्हणजे विकलेला.
आधीची दोन पाळण्यातच गेली,
म्हणून सासूनं याला एका पिराच्या कबरीपाशी
नावापुरता विकला. जगावा म्हणून.
जगला.
मग झोंगुलदाकच्या खाणीनं विकत घेतला, सव्वीस वर्षं.
तो व्यवहार नावापुरता नव्हता.

तेव्हा कसा जेवायचा!
अर्धा पाव, कांदा, चीजचा खडा,
तीन मिनिटांत फस्त.
काळी बोटं लागलेला तेवढा कोपरा
उंदरांना टाकायचा.
आता वाटीभर दह्याचं सूप पाऊण तास पुरतं.
कोपरं टेबलावर रोवून बसतो.
घास. थांब. घास. थांब.
नाकात नळी,
कोपऱ्यात मशीन गुरगुरतंय
उपाशी मांजरासारखं.

आधी मीच चुकले.
आजारी माणूस म्हणून पेज केली,
बिनतेलाची, बिनमिठाची, पाण्यासारखी.
पॅंटच्या पट्ट्याला तापल्या खिळ्यानं
तीन नवी भोकं पाडली,
तेव्हा डोळे उघडले.
मग लोणी काढलं. अंडी. मऊ शिजवलेल्या मसूरात
ऑलिव्ह तेलाची धार, हात आखडता न घेता.
हाम्सी मासे मक्याच्या पिठात घोळून,
काटे मी काढून देते, बोलायचं नाही कुणी.
आणि झोपताना ताहिन-पेकमेझ:
तिळाचं लोणी, त्यात द्राक्षांची काकवी,
चमच्यावरून ओघळते इतकी सावकाश
की त्याच्या श्वासालाही घाई करावीशी वाटत नाही.

शिवाय भावाच्या बागेतले हेझलनट,
दर तासाला सहा, मोजून.
"खाल्लेस?"
"खाल्ले."

मार्चमध्ये दवाखान्याच्या काट्यावर चढला.
सत्तेचाळीस किलो सहाशे.
सहाशे ग्रॅम जास्त!
गुलसेरेननं टाळी वाजवली,
माझ्या डोळ्यांत टचकन पाणी.
हा मात्र भिंतीवरचा तक्ता वाचत उभा,
अक्षरं कधी पाहिली नसल्यासारखा.

घरी येऊन त्याचा कोट खुंटीला लावला
तर खुंटीच वाकली.
दोन्ही खिशांत, फाटक्या अस्तरातून खाली उतरलेले,
सहाशे ग्रॅम हेझलनट.

भांडले. अशी भांडले की
खालच्या मजल्यावरच्या फेरीदेनं रेडिओ बंद केला.
तो धाप सावरेपर्यंत गप्प राहिला, मग म्हणाला,
"हाजेर, चावून चावून दम लागतो गं.
तुला काय सांगायचं,
तू मोजत होतीस."

रात्री सगळे भाजले.
फडक्यात घेऊन चोळले, सालं उडाली,
आणि खलबत्त्यात कुटत बसले तेल सुटेपर्यंत.
राग किती, हेझलनट किती,
कळेना. लोणी मात्र झालं.

एप्रिलला काट्यासमोर त्यानं
स्वतःच खिसे उलटे केले,
दोन पांढरी अस्तरं लोंबत होती
सशाच्या कानांसारखी.
सत्तेचाळीस किलो दोनशे.
म्हणजे कमीच, कागदावर.
गुलसेरेन गोंधळली. आम्ही दोघं हसलो,
तो हसला तितका खोकला.
दोनशे ग्रॅम. पण हे अंगी लागलेले.

परतीच्या चढावर
स्टॉपमागच्या कठड्यावर बसवलं त्याला.
खाली समुद्र, धक्क्याला कोळशाचं जहाज.
पिशवीतून डबी काढली, चमचा दिला.
बस आली, दार उघडून थांबली.
चालकानं आमच्याकडे पाहिलं.
सातल्मिशच्या तोंडात घास होता.
मी हातानंच सांगितलं,
जा बाबा तू.