गरम बाजू

खानविलकर, काल डबा उघडता उघडता तुम्ही म्हणालात,
जगाचा कायदाच आहे की सगळं विस्कटत जातं.
चहा निवतो, भिंतीला पोपडे धरतात,
विटांचा ढीग आपणहून घर होत नाही.
मग चिखलातून मासा, माशातून माणूस,
हे कुठल्या कायद्यात बसतं?
आणि झाकण पुसून लोणचं पुढे केलंत.
मी गप्प राहिलो. भेंडी छान झाली होती.

आता रात्रीचे दोन वाजून दहा.
तुर्भ्याच्या या कोल्ड स्टोरेजात
मी आणि तीन कंप्रेसर जागे.
आत तासगावचा बेदाणा झोपलाय,
पलीकडच्या खोलीत किन्नौरची सफरचंदं,
पेटीवर पेटी, नंबरावर नंबर,
एक दाणा आंबलेला नाही.
विस्कटण्याचा कायदा इथे कुणी मोडला?
कुणीच नाही.
या, मशीनरूममध्ये या.
डिस्चार्जच्या पाइपाजवळ हात धरा,
जवळच हां, लावू नका.
आत जेवढं सांभाळलं
त्याहून जास्त इथे बाहेर फेकलंय.
आणि वीजबिल तर तुमच्याच टेबलावर येतं.

आयटीआयमध्ये कुंटेसर पहिल्याच तासाला म्हणायचे,
थंडी नावाची वस्तूच नसते रे.
उष्णता इकडून उचलायची, तिकडे टाकायची,
आणि हमाली चुकती करायची.

तुमचा कायदा बंद पेटीचा.
पृथ्वी कुठे बंद आहे?
तुमच्याच भाषेत सांगतो:
सूर्याकडून कोऱ्या करकरीत नोटा येतात.
आभाळाला आपण तेवढीच रक्कम परत करतो,
पै न पै, पण चिल्लर करून,
एका नोटेची वीसेक नाणी.
शिल्लक जवळजवळ शून्य.
पण नोट मोडून चिल्लर होईतो
मधल्या मधे अख्खा बाजार जगून घेतो:
तिवराचं पान, पानावरचा किडा,
ऐरोलीच्या गाळात मान उलटी घालून उभा रोहित,
तुम्ही, मी,
कालची भेंडी.

माझी आई दिवाळ्याची.
ओहोटीला मांडीभर गाळात उतरून
निवट्या हातांनी धरायची.
बिळात हात घालायचा आणि डोळे मिटायचे,
बोटांना कळतं.
निवटी पाहिलीत कधी? मासळीच,
पण परांवर ढोपरं टेकल्यासारखी चिखलात चालते,
डोळे टाळूवर,
घर बदलायला निघालेली
आणि अर्धं सामान अजून पाण्यात.
मी लहानपणी विचारलं होतं, ही अशी का गं?
आई टोपलीत बघत म्हणाली,
"तिची आयस तशी, म्हनून ती तशी.
पन आगदी तशीच नाय."

आगदी तशीच नाय.
नक्कल उतरवताना हात जरासा हलतो.
तो हलवणाराही तुमचाच कायदा, खानविलकर,
चहा निववणारा, पोपडे धरवणारा.
हात हललाच नसता
तर निवडायला उरलं काय असतं?
बहुतेक चुका गाळातच जातात.
एखादी ढोपर टेकते.

फुकट काही नाही, हे मात्र तुमचं खरं.
आईची बोटं आता वाकलीत,
बिळात जात नाहीत.
दुपारभर ओट्यावर उन्हात बसते,
एवढं ऊन अंगावर घेऊन
एक बोट सरळ होत नाही.
वंशाला उधारी मिळते,
वसुली माणसाकडून होते.
हे मला डबा खाताना बोलता आलं नसतं.

दोन चाळीस.
गेज वाचले, रजिस्टरात लिहिलं:
दाब ठीक, तेल ठीक.
पाइपामागच्या कोपऱ्यात,
जिथे आपली वाया गेलेली ऊब साचते,
तिथे मांजर व्यालीय. तुम्हाला सांगायचं राहिलं.
चार पिल्लं.
तीन आईसारखी, काळीभोर.
चौथ्याचा एक पंजा पांढरा.