खोडून काढणे

"रविवारी झोके मोकळे असावेत."
माझा विषय, माझी बाजू. कारणं तीन,
तिसरं जरा ओढूनताणून.
मॅकआस्किल बाईंनी वही परत दिली:
"समोरच्याचं म्हणणं कुठंय?
वाचून तो मान डोलावेल असं लिही आधी,
मग खोडून काढ."

हेब्रिडीजमधल्या आमच्या बेटावर
समोरचा म्हणजे तोरमॉड.
शनिवारी संध्याकाळी साखळी घेऊन येतो,
झोके खांबाला बांधतो, कुलूप ओढून बघतो.
वारा हलवतोच त्यांना, थोडं.

विचारलं. बोटीच्या तेलाचे हात पुसत म्हणाला,
"सहा दिवस प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं, पोरी.
एक दिवस असा असावा
की झोक्याकडूनसुद्धा कुणाला काही नको."

जसंच्या तसं उतरवलं.
खाली लिहिलं "परंतु"
आणि बसून राहिले.
चहा निवला. बाहेरच्या मेंढ्याही गप्प झाल्या.
"परंतु"पुढे पेन्सिलीचा ठिपका
मोठा होत गेला.

शेवटी एकच कारण ठेवलं:
बाबा मासेमारीवरून येतात ते रविवारपुरते,
आणि धाकट्याला झोका अजून
स्वतः घेता येत नाही.

बाईंचा शेरा, लाल शाईत: "पटलं."
कुणाचं, ते लिहिलं नाही.