एक अक्षर जास्त

बार्न्सलीत, कोळशाच्या बंद खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर
ॲल्विन थॅकरा थडग्यांचे दगड कोरतो.
अक्षराला चार पौंड. सोनेरी भरायचं तर सहा.

मिसेस मिकलथ्वेट घडी घातलेला कागद पुढे करते:
ही वर अ गुड लॅड.
खाली नाव, साल. बस्स.

तो चष्मा पुसतो. काचेवर दगडाची भुकटी,
आणि भुकटीमागे एक शाळकरी पोर,
"आय वर इल, मिस" म्हणाला म्हणून
पालथ्या हातावर पट्टी खाल्लेलं.
"ही वॉज," तो हळूच म्हणतो. "पुस्तकात तसं आहे.
शिवाय एक अक्षर कमी. चार पौंड वाचतील तुमचे."

ती पाकीट उघडते.
"सत्तेचाळीस वर्षं आमच्या घरात असंच बोलत आलोय.
तो होता तेव्हा चुकलं नाही,
आता कसं चुकेल?"

पण चर्चच्या आवारात दगड उभा करायचा
तर विकरची सही लागते.
अर्ज परत आला. 'वर'भोवती पेन्सिलीचा गोल,
बारीक, सभ्य,
डॉक्टर एक्स-रेवर काढतात तसा.

गुरुवारी दारावर थाप.
"कोण?" ॲल्विनने हातोडी चालू ठेवूनच विचारलं.
"इट्स मी," विकर म्हणाले.

हातोडी थांबली.

"पुस्तकाप्रमाणे 'इट इज आय' हवं होतं, साहेब.
पण तसं म्हणाला असतात
तर वसुलीवाला समजून
मी दिवा मालवून बसलो असतो."

विकर हसले नाहीत.
बुटांवर बसणारी धूळ बघत राहिले.
मग म्हणाले, माझी आई डॉनकास्टरची,
"शी वर..."
आणि पुढचं काही बोलले नाहीत.
सही त्यांनी त्याच पेन्सिलीने केली.

मी हे मराठीत लिहितेय
आणि माझ्या कानाला तो शब्द भलतंच सांगतोय.
ही वर.
कुणाचा पत्ता विचारावा
आणि समोरच्याने न बोलता
बोट आभाळाकडे करावं, तसं.
याला व्याकरण नाही. नुसता योगायोग.
तरी खोडवत नाही.

ॲल्विनने त्या जास्तीच्या अक्षराचे पैसे घेतले.
पुरते चार पौंड, पावतीसकट.
फक्त तो शेवटचा 'ई'
बाकीच्यांपेक्षा जरा खोल गेला,
शेवाळ धरलं तरी
बोटाला लागेल इतका.