साधा गट

तिसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर मला ओळखतात.
हात आत गेला की नाकं वर,
आवळ्याच्या वासाला.

पहिल्याला नुसतं मक्याचं तेल.
दुसऱ्याला तेलातून ते,
जे डब्यातून, बाटलीतून, बिलाच्या गुळगुळीत कागदातून
आपल्यात उतरतं.
तिसऱ्याला तेही, आणि तासाभराने आवळ्याचा अर्क.
सुईच्या टोकाला गोल मणी असतो, घसा फाटू नये म्हणून.
सत्तावन्न दिवस झाले. रविवारीसुद्धा येतो मी,
घणसोलीहून सायकलने, बेलापूरपर्यंत.

पाण्याच्या बाटल्या काचेच्या.
प्लॅस्टिकच्या लावल्या, कुरुविला मॅडम म्हणतात,
तर साधा गट साधा राहत नाही.

त्याआधी अकरा वर्षं रबाळ्याला,
बागेच्या नळ्यांच्या कारखान्यात.
कच्च्या मालाला तिथे दाणा म्हणतात.
पंचवीस किलोची गोण, हॉपरमध्ये ओतली
की सुपातल्या तांदळासारखी वाजायची.
कसला दाणा रे, बाबांनी विचारलं होतं;
त्यांची खाडीकाठची भाताची खाचरं
केव्हाच सेक्टर झालेली.
मी मूठभर आणून दाखवला.
त्यांनी एक दाताखाली धरला, बराच वेळ,
मग थुंकले.

वाशीचा डॉक्टर म्हणाला, बीज कमी आहे
आणि आहे ते मंद.
दर्शनाने रिपोर्टची घडी घातली
आणि पिठाच्या डब्याखाली सरकवली.
दोन दिवस भाकरी थापताना तो कागद हलत होता.

एकदा न राहवून विचारलं,
मॅडम, मी कोणत्या पिंजऱ्यात?

त्यांनी हातमोजे काढले. एक आवळा कापला,
ट्रेवर ठेवला.
थोड्या वेळाने फोड काळवंडली.
हेच, म्हणाल्या. आतलं गंजायच्या आधी
हा स्वतः गंजतो.
हे उंदरात. माणसाचं अजून मला माहीत नाही.
मग काळ्या डब्यातला गरम भात उघडला त्यांनी,
झाकणावरची वाफ पुसली,
आणि आमची नजर एकदमच
त्या डब्यावर गेली.

घरी सांगितलं तर दर्शना म्हणाली,
तुजे उंदरांचं मना काय सांगतंस.
पण संध्याकाळी तुर्भ्याच्या मार्केटातून
किलोभर आवळे आले,
पातळ गुलाबी पिशवीत, गाठ मारून.
ती गाठ सुटेना. दातांनी सोडवायला गेली
आणि थांबली.
विळी घेतली.

आता बरणीत मिठाचं पाणी आहे,
वर आवळे तरंगतात.
माझा डबा स्टीलचा. डाळ गरम असली तर
धरवत नाही, फडक्यात गुंडाळून नेतो.

साठाव्या दिवशी तिन्ही पिंजरे रिकामे होतील,
मोजायला.
मोजणं मॅडमचं. धुणं माझं.
तिसऱ्यातल्या एकाच्या शेपटीवर शाईचे चार पट्टे आहेत,
तो बोट चाटतो.
त्याला मी नाव ठेवलेलं नाही.
एकच ठरलेलं आहे,
आणि ते घरचं.